शार्त्र, चिचेस्टर आणि आपली खाडी

दादा, आधी बातमी ऐक. रडणंबिडणं नंतर बघू, त्याला आता जन्म पडलाय. झालं! तुझं ते शार्त्र-चिचेस्टर झालं! नांदवली आणि कारळी आज दुपारच्या विमानाने निघाली. म्हणजे गावं नाही रे, गावांची नावं. निळ्या काचेत. एक तुझ्या खोलीवाल्यांच्या हातात, आणि दुसरं ब्लँकेटात गुंडाळून विश्राम भावोजींच्या मांडीवर. हो, भावोजींच्याच. असा काय बघतोस माझ्याकडे, मी स्वतः विमानतळावर सोडून आले.

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. तुझा नंबर मी अजून काढलेला नाही. सकाळपासून दोनदा फोन हातात घेतला तुला सांगायला, आणि दोन्ही वेळा खाली ठेवला. म्हणून हे लिहायला बसले. तुझा जन्म कधीचा, कुवेतला कधी आलास, किती वर्षं राई भागातल्या काचेच्या वर्कशॉपमध्ये काढलीस, ते सगळं शोकसभेत कुणीतरी वाचून दाखवलं. त्यातलं निम्मं चुकलेलं होतं. मी गप्प बसले, हे ऐकून तुला नवल वाटेल.

आठवतं, तू आमच्या खैतानच्या घरी पहिल्यांदा आलास तो बाल्कनीची तडकलेली काच बदलायला. मी टेबलावर नववीच्या फ्रेंचच्या वह्या तपासत होते. शेजारी पुस्तक उघडं होतं, त्यात शार्त्रच्या कॅथेड्रलच्या खिडकीचा पानभर फोटो. तू काच भिंतीला टेकवलीस आणि जो त्या पानाशी उभा राहिलास तो हलेचना.

"बाई, हा निळा कुठं मिळतो?"

मी म्हटलं, फ्रान्समध्ये, आठशे वर्षांपूर्वी.

"मग आता दुकान बंद झालं असेल," तू म्हणालास, आणि मी हातातलं लाल पेन खाली ठेवून हसले. तुझा चेहरा मात्र सरळ. मग विचारलंस, "बाई, तुम्ही जाऊन बघितलाय?" नाही म्हटलं. "न बघता शिकवता?" मला राग आला. मी विचारलं, "तू खैरानला शेखांच्या समुद्रावरच्या बंगल्यात राहिलायस कधी?" तू म्हणालास, "राहिलो नाय, पण काचा बसवल्यात." "मग मीही तसंच शिकवते," मी म्हटलं. त्या दिवसापासून तू माझा दादा झालास. पुढे राखीही बांधली, पण ती नुसती पावती.

त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात आणखी एक लहानसा फोटो होता. गावात शिरताना लावलेली पाटी. वर 'शार्त्र', आणि खाली बारीक अक्षरात 'चिचेस्टर, इंग्लंड'. तुझी नजर पडलीच त्याच्यावर. फ्रान्सच्या गावाला इंग्लंडचं नाव कशाला, म्हणून विचारलंस. मी सांगितलं, ही जुळी शहरं आहेत. फ्रेंच आणि इंग्रज शेकडो वर्षं एकमेकांच्या उरावर बसलेले. मग मोठ्या लढायांनी सगळेच होरपळले, आणि गावागावांनी अशा जोड्या लावायला सुरुवात केली. इकडची मुलं तिकडे जाऊन लोकांच्या घरी राहतात, तिकडचे म्हातारे इकडे येऊन जेवतात, गातात, परत जातात. लढाई लागायच्या आत शार्त्रच्या लोकांनी ही सगळी काच कशी उतरवली, पेट्यांत भरून लांब नेऊन ठेवली आणि शांत झाल्यावर पुन्हा चढवली, हेही सांगितलं. तू चक्क खाली बसलास. "बसवायला कुणीपण बसवेल, बाई," तू म्हणालास. "न फोडता काढणारा खरा."

आणि मग, बाल्कनीची काच अजून भिंतीला टेकलेली असताना, तू विचारलंस, "ह्याला भांडणारीच गावं लागतात का?"

"तशी काही अट नाही."

"नाय, लागत असली तर आमच्याकडं तयार हायत."

तेव्हा मला ती गोष्ट कळली. एक खाडी, अलीकडे तुझी नांदवली, पलीकडे कारळी. शिमग्याला ओहोटी लागली की खाडीतल्या वाळूच्या पट्ट्यावर दोन्ही गावांच्या पालख्या यायच्या, एकमेकींना वाकून भेटायच्या, ढोल फुटेस्तोवर वाजायचे. अकरा वर्षांपूर्वी पहिलं कुणी वाकायचं यावरून जुंपली. पोलीस आले, बैठका झाल्या, भेट बंद पडली. आणि पालखीबरोबर बाकीचंही सगळं बंद पडलं. तुझी बहीण सुमन कारळीला दिलेली. तिच्या खळ्यातून तुमच्या घराचं कौल दिसतं, एवढं जवळ. अकरा वर्षं ती माहेरी आली नाही आणि तू तिच्या दारात गेला नाहीस.

मी म्हटलं, निदान कुवेतला तरी हे भांडण नसेल. तू हसलास. खैतानमध्ये एकाच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नांदवलीची खोली, चौथ्यावर कारळीची. दोन्हीकडे आठ-आठ माणसं, दोन्हीकडे कुळथाची पिठी, आणि जिन्यात समोरासमोर आले तर सगळे भिंतीकडे बघणार. चौथ्या मजल्याचा म्होरक्या कोण, तर विश्राम, वेल्डर, सुमनचा नवरा. तुझा सख्खा मेव्हणा तुझ्या डोक्यावर राहत होता, आणि तुला त्याचा खोकला ऐकू यायचा, पण त्याच्याशी बोलता यायचं नाही. "रात्रपाळीवरून आला की कळतं," तू म्हणाला होतास. "बरं वाटतं, आला म्हणजे."

म्हणजे तुला शार्त्र कशाला हवं होतं, ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तरीही मी घोळ घातला.

तो शुक्रवार मी कितीदा आठवला असेल! माझ्या हॉलमध्ये दोन्ही खोल्या. तूच जमवून आणलेल्या. भावोजी कसे आले, ते तुलाच माहीत. मला वाटतं, शाळेतल्या बाईंनी बोलावलंय म्हटल्यावर नाही म्हणता आलं नाही. डावीकडच्या सोफ्यावर नांदवली, उजवीकडे कारळी, मध्ये पोह्यांच्या बशा. मी आपली फळ्यासमोर असल्यासारखी सुरू झाले. शार्त्र, चिचेस्टर, करारनामा, सह्या. सगळे माझ्याकडे नववीतल्या मुलांसारखेच बघत होते. जुळी गावं म्हटलं, तर एक जण म्हणाला, "जुळ्यात पण थोरला-धाकटा असतोच की." मला एक तर दम नाही. मी म्हटलं, "अहो, सोयरीक समजा! दोन गावांची सोयरीक!"

तू डोळे मिटलेस. मी पाहिलं ते. पण शब्द गेला होता.

"मग मुलाकडचे कोण?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

भावोजी पहिल्यांदाच बोलले. "मुलाकडचे आम्ही. नांदवलीची मुलगी आम्ही केलेली हाय." तुझ्या खोलीतला एक ताडकन उठला. "मग मानपान पण घेऊन टाका! पाय धुवायला परात आणू काय?" कागदावर पहिलं नाव मुलाकडच्यांचं की मुलीकडच्यांचं, यावर जे रान पेटलं ते पोहे तसेच टाकून सगळे जिन्यात गेले, आणि जिन्यातही भिंतीकडे बघत गेले. माझी सई आतून येऊन विचारते, "मम्मा, हू इज गेटिंग मॅरीड?" मी तिलाही ओरडले.

दारात चपला घालताना तू मला बोललास. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "बाई, सोयरीक म्हटलं की एकानं वाकायचं आलं. मी तेच तर मोडायला बघतोय ना? शार्त्रवाले काय चिचेस्टरच्या पाया पडतात?"

मी पडतं घेतलं असतं तर? पण मी पडले नाशिकची फटकळ. मी म्हटलं, "मग तूच बोलायचं होतंस! मला कशाला पुढे केलंस? गेलं खड्ड्यात तुझं शार्त्र!"

तू दरवाजा हलकेच ओढून घेतलास, काचेचा असल्यासारखा.

सहाव्या दिवशी राईहून फोन आला. काम करता करता खाली बसलास, पाणी मागितलंस, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. दादा, माझं तुझ्याशी शेवटचं वाक्य 'गेलं खड्ड्यात' हे आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. चुकलं माझं. तेव्हाच जिन्यापर्यंत आले असते तर चार पायऱ्यांत मिटलं असतं, पण मी पोह्यांच्या बशा आपटत बसले.

पुढचं तुला माहीत नाही, ते सांगते. तुझी खोली सुन्न होऊन बसली होती, कुणाला काही सुचेना. आणि चौथ्या मजल्यावरून भावोजी खाली आले. दार वाजवलं नाही, सरळ आत आले, तुझी पेटी उघडून पासपोर्टची प्रत आणि ओळखपत्राचा बताका काढला आणि निघाले. दवाखाना, पोलीस, दूतावास, विमानाचं कार्यालय, चार दिवस तो माणूस धावत होता. प्रत्येक खिडकीवर नातं विचारायचे. प्रत्येक ठिकाणी त्यांनी 'बायकोचा भाऊ' असं सांगितलं. अकरा वर्षांत तोंडातून न निघालेला शब्द चार दिवसांत पन्नास वेळा निघाला असेल. तुला घरी नेलं त्या दिवशी सुमन तरीच्या होडीत बसून नांदवलीला आली. नांदवलीच्या धक्क्यावर तिला कुणी काही विचारलं नाही.

मला वाटलं, एवढं झालं, पुष्कळ झालं. शार्त्र मी मनातून पुसून टाकलं होतं.

तेराव्यानंतर तुझ्या मिसरी, इजिप्तवाल्या फोरमनचा फोन आला. दत्ताच्या टेबलाखाली काहीतरी आहे, त्यावर खडूने इंग्रजीत 'बाई' आणि हा नंबर लिहिलाय, हे काय, म्हणून विचारत होता. मी शाळा सुटल्यावर तडक राईला गेले. ब्लँकेट उलगडलं. दादा! अरे, तो निळा! कुठून आणलास रे तो निळा? दुकान बंद झालं म्हणाला होतास ना? पाटाएवढी काच, निळ्यात निळ्याच्या पाच छटा, मध्ये पांढऱ्या काचेची तीन अक्षरं, आणि अक्षरांच्या डोक्यावरची रेघ म्हणून एकसंध शिशाची पट्टी. तारेसारखी सरळ. 'कारळी'.

मी आजूबाजूला शोधलं. शेल्फ, खोकी, टेबलाखाली वाकून. फोरमन म्हणाला, "वाहेद. बस वाहेद." एकच आहे. मला, खरं सांगू, तुझाच राग आला. त्यांचं नाव केलंस, आपल्या गावाचं अर्धवट सोडून गेलास? की त्यांना मुलाकडचे मानून मोकळा झालास? मी ती काच घरी आणून कपाटामागे ठेवली.

दुसऱ्या दिवशी नववीला नेमका तोच धडा. एक मुलगी मोठ्याने वाचत होती, मी बाकांमधून फिरत होते, आणि तो कोपऱ्यातला फोटो माझ्यासमोर आला. शार्त्रच्या वेशीवर चिचेस्टरचं नाव. म्हणजे चिचेस्टरच्या वेशीवर शार्त्रचं. दोन पाट्या! एका कागदावर पहिलं कोण आणि दुसरं कोण, हा प्रश्नच नाही. ज्याने त्याने आपल्या दारात दुसऱ्याचं नाव लावायचं. नऊ वर्षं मी हे पान शिकवतेय, दादा, आणि तू ते उभ्या उभ्या वाचलंस, फ्रेंचचं एक अक्षर येत नसताना. मी खुर्चीत बसले. मुलांना वाटलं मॅडमना बरं नाही.

तू अर्धवट सोडलं नव्हतंस. नांदवलीने जे लावायचं ते तू करून ठेवलंस. दुसरं करणं तुझं कामच नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी चौथा मजला चढले. बाईमाणूस त्या खोलीत पहिल्यांदाच आली असेल. सगळे बनियन झाकायला धावले. मी काच भावोजींसमोर ठेवली. त्यांनी वाकून नाव वाचलं. मग रुमाल काढून माझ्या बोटांचे ठसे पुसले.

"हे कुठं लावायचं?"

"नांदवलीच्या धक्क्यावर."

"आमचं नाव? त्यांच्या धक्क्यावर?"

"हो."

"आणि आमच्या धक्क्यावर?"

मी आयुष्यात पहिल्यांदा योग्य वेळी गप्प बसले, दादा. कुणी तरी पंखा बंद केला. भावोजी म्हणाले, "शुक्रवारी राईला जायला गाडी कुणाची मिळेल?"

अरे, काय तो शुक्रवार! तुझ्या फोरमनने वर्कशॉप उघडून दिलं, तुझं टेबल दिलं, "दत्ता वाजिद झेन", फार भला माणूस, म्हणत सगळ्यांना चहा पाजला. भावोजी वेल्डर, त्यांना वाटलं काच म्हणजे लोखंडाची धाकटी बहीण. पहिल्या दहा मिनिटांत तीन तुकडे केले. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे दोघे दारात उभे. त्यांना कुणी बोलावलं, देव जाणे. मी नाही. बरं, मीच. त्यांतला एक न राहवून ओरडला, "अहो, कटर असा धरतात काय? ती काच हाय, फणस नाय!" भावोजी उलटले, "मग धर की तू! तिकडं उभा राहून काय शिकवतोस!" आणि अकरा वर्षांनी दोन्ही गावं एकमेकांवर तोंड भरून ओरडायला लागली. कान किटले माझे. डोळे भरून वाहत होते आणि मी मोठमोठ्याने हसत होते. निळा कापून कापून सगळ्यांच्या बोटांना चिकटपट्ट्या. 'नां' झालं, 'द' झालं, 'व' झालं. 'ली'पाशी डोक्यावरची पट्टी भावोजींच्या हातून खाली गेली. सांध्यांची झाळ तर अशी ओतली आहे की बघवत नाही. 'ली' ढेपाळून बसल्यासारखी दिसते.

आज सकाळी निघायच्या आधी माझ्या हॉलमध्ये गाऱ्हाणं घातलं. पुन्हा तोच प्रश्न, आधी कुणाच्या देवाचं नाव? मी पोह्यांची बशी हातात घेऊनच तयारीत होते. पण दोन्ही खोल्यांतले दोन म्हातारे उभे राहिले आणि दोघांनी एकदमच सुरू केलं. कुणाचंच काही कळेना! मध्येच ऐकू आलं, "...शार्त्र नि चिचेस्टर गावच्या राखणदारा, तू पण लक्ष ठेव, म्हाराजा..." आणि बाकी सगळ्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हटलं. खालच्या मजल्यावरून कुणीतरी बघायला आलं. पोहे संपले, दादा. बशा पुसून संपले.

शिमग्याला पालख्या वाळूवर येतील की नाही, मला माहीत नाही. काल सुमनचा फोन आला होता. मी तिला सांगितलं, पाटी थोडी वाकडी झालीय बरं का. ती म्हणाली, "असू दे, बाई. माझ्या दारातून दिसणाऱ्या धक्क्यावर माझ्या माहेराचं नाव लागणार, आणि ते माझ्या घरच्यानं केलंय. माझ्या भावानं माझ्या सासरचं सरळ केलं, ह्यांनी माहेरचं वाकडं केलं. मला दोन्ही पायजेत." मग आम्ही दोघी फोनवर पुष्कळ रडलो, तुला शिव्या देत.

आपला एक वाद राहिला होता बघ. शार्त्रच्या कॅथेड्रलचे दोन कळस एकसारखे नाहीत. एक साधा, एक नक्षीचा, उंचीही वेगळी. मी सांगत होते, एकावर वीज पडली आणि तो मागाहून बांधला, म्हणून. तू ऐकत नव्हतास. "नाय बाई, दोन कारागीर असणार, एकमेकांशी न बोलणारे." ठीक आहे. मी पुस्तकाच्या बाजूने आहे, पण आता मला तितकीशी खात्री नाही.

विमानतळावर मी शेवटचा प्रयत्न केला. माझा स्वभाव तुला माहीत आहे, वाकडं काही डोळ्यांना सहन होत नाही. म्हटलं, भावोजी, अजून दोन दिवस थांबा, ती 'ली' काढून पुन्हा बसवू. फोरमन नाही म्हणणार नाही, मी विचारते.

भावोजींनी ब्लँकेट जरा घट्ट धरलं. "नको, बाई," ते म्हणाले. "सरळ केली तर दत्ता भांडायला कशाला येईल?"

तर दादा, 'ली' वाकडी आहे. चांगली बोटभर वाकडी आहे. ये.